बॉयलरचं प्रेशर सारखं खाली येतंय? पाणी भरायच्या आधी काटा कधी पडतो ते बघा

काटा परत खाली. सकाळी उठून बघावं तर गेज ०.५ बारवर (बार म्हणजे दाब मोजायचं एकक), घर गरम ठेवणारा बॉयलर एरर दाखवून गप्प बसलेला, खोल्यांतले रेडिएटर गारठलेले, आणि आपण अर्धवट झोपेत फिलिंग लूपचा (हीटिंगमध्ये नळाचं पाणी भरायच्या जोडनळीचा) नळ फिरवतोय. काटा १.२ वर आला, रिसेट दाबलं, बॉयलर चालू झाला, विषय संपला. मग आठ-दहा दिवसांनी परत तेच. मी स्वतः दोन हिवाळे हाच उद्योग केलाय त्यामुळे कोणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये, पण आता मागे वळून बघताना कळतं की त्या दोन हिवाळ्यांत मी दर वेळी पाणी भरून पुरावाच पुसून टाकत होतो.

आधी नॉर्मल काय ते. सेंट्रल हीटिंगचं पाणी बंद सर्किटमध्ये फिरतं, ते खर्च होत नाही, त्यामुळे गेलं म्हणजे कुठेतरी गेलंच. बॉयलर थंड असताना गेज साधारण १ ते १.५ बारवर असावं, चालू झाला की पाणी फुगतं आणि काटा दीडच्या वर, कधी दोनच्या थोडा पुढेही जातो, आणि गार झाला की परत जिथे होता तिथे येतो. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. खालच्या बाजूला साधारण ०.५ च्या आसपास बरेच बॉयलर स्वतःहून बंद पडतात. वर्षातून एखाद-दोनदा थोडं पाणी भरावं लागलं तर त्याला कोणी बिघाड म्हणत नाही. दर महिन्याला लागत असेल तर आहे बिघाड, दर आठवड्याला लागत असेल तर नक्कीच. अपवाद एकच, नुकतंच सगळं पाणी काढून नव्याने भरलं असेल किंवा रेडिएटरची हवा काढली असेल तर पहिले काही दिवस काटा थोडा उतरणारच, कारण ताज्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते आणि एअर व्हेंटमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून) निघून जाते.

आता मुद्द्याचं. काटा किती खाली आला यापेक्षा तो कधी खाली येतो हे जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून एकदाच १.२ पर्यंत भरा, भरून झाल्यावर फिलिंग लूपचे नळ घट्ट बंद करा, आणि मग तीन दिवस कशालाही हात न लावता फक्त गेजचे फोटो काढा. रात्री हीटिंग बंद करून सगळं गार झाल्यावर एक, सकाळी चालू करायच्या आधी एक, चालू करून तासाभराने रेडिएटर कडक तापलेले असताना एक, आणि परत गार झाल्यावर एक. फोनमध्ये वेळ आपोआप पडते त्यामुळे वेगळं लिहून ठेवायची गरज नाही. या फोटोंवरून अर्धं निदान तिथेच होतं, हातात पाना घ्यायच्या आधी.

पहिला प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारा: गार असताना काटा रात्रभर ढिम्म हलत नाही, पण हीटिंग चालू झालं की सरसर वर चढून तीनच्या जवळ जातो आणि गार झाल्यावर आधीपेक्षा खाली येऊन बसतो. इथे पाइप गळत नाहीये, एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेली आहे. हे व्हेसल म्हणजे एक पत्र्याचा डबा, लाल किंवा राखाडी रंगाचा, मधे रबरी पडदा, एका बाजूला सर्किटचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी तापून फुगलं की ते पडद्याला ढकलतं, हवा दबते, प्रेशर आटोक्यात राहतं. वर्षानुवर्षं त्यातली हवा हळूहळू कमी होत जाते, सायकल नुसती उभी ठेवली तरी ट्यूब बसते ना तसंच.

आकडे घालून बघितलं की हे डोक्यात फिट बसतं. समजा सर्किटमध्ये ७० लिटर पाणी आहे. गारपासून पूर्ण तापेपर्यंत ते साधारण ३ टक्के फुगतं, म्हणजे दोन लिटर जास्तीच्या पाण्याला जागा हवी. व्हेसल ८ लिटरचं आणि त्यात ०.७५ बारने हवा भरलेली असेल तर १.२ वर गार सर्किटमध्ये हवेची जागा साधारण सव्वासहा लिटर असते, दोन लिटर आत शिरलं की काटा २.२ च्या आसपास जाऊन थांबतो. सगळं छान. आता त्याच व्हेसलमध्ये फक्त अडीच लिटर हवा उरली आहे असं धरा. दोन लिटर पाणी आत शिरू पाहतंय, पण त्याच्या आधीच ३ बार होतात, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जवळजवळ पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकतो. रात्री गार झाल्यावर तेवढं पाणी कमी, काटा ०.६ च्या आसपास. आपण सकाळी उठून परत १.२ करतो, दुपारी तो परत तेवढंच फेकतो. गळती शोधत घरभर फिरायचं आणि पाणी भिंतीबाहेरच्या नळीतून चाललंय, आग सोमेश्वरी बंब रामेश्वरी.

याची खात्री करायची तर सेफ्टी व्हॉल्व्हची नळी भिंतीतून बाहेर जिथे निघते (बहुतेक ठिकाणी बोटाएवढी जाड तांब्याची नळी, तोंड खाली किंवा भिंतीकडे वळवलेलं) तिथे एक प्लास्टिकची पिशवी रबर लावून सैल बांधा आणि दिवसभराने बघा. पिशवीत पाणी म्हणजे चोर सापडला. बांधताना हीटिंग बंद आणि गार असू द्या, त्या नळीतून येणारं पाणी भाजण्याइतकं गरम असू शकतं. नळीचं तोंड पूर्ण चिणून बंद करायचा शहाणपणा मात्र चुकूनही करू नका, तो जीव वाचवणारा व्हॉल्व्ह आहे.

दुसरी खूण म्हणजे व्हेसलवरचा छोटा व्हॉल्व्ह, गाडीच्या टायरला असतो अगदी तसाच, टोपी काढून आतली पिन क्षणभर दाबा. पाणी आलं तर पडदा फाटला, व्हेसल बदलायचं, त्याला उपाय नाही. काहीच आलं नाही तर हवा संपली. हवा आली तर... इथे बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो. टायरचं गेज लावलं, १.२ दाखवलं, म्हटलं व्हेसल तर ठणठणीत आहे. अरे पण पलीकडून सर्किटचं पाणी १.२ ने पडदा दाबतंय, मग गेज १.२ च दाखवणार ना! व्हेसलमधली खरी हवा मोजायची असेल तर पाण्याच्या बाजूचं प्रेशर आधी शून्यावर आणावं लागतं, तोपर्यंत त्या आकड्याला काही अर्थ नाही.

हवा भरायची पद्धत अशी. बॉयलरची वीज बंद करून पूर्ण गार होऊ द्या, बॉयलरखालचे जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपचे आयसोलेशन व्हॉल्व्ह (पाणी अडवायचे नळ) बंद करा, ड्रेनच्या नळीतून बॉयलरमधलं पाणी काढून काटा शून्यावर आणा आणि ड्रेन उघडाच ठेवा. मग साध्या हातपंपाने किंवा पायपंपाने हवा भरत जा, पडदा पुढे सरकेल तसं ड्रेनमधून आणखी पाणी येत राहील. पाणी यायचं थांबलं आणि पंपावरचं गेज ०.७५ ते १ बार, म्हणजे साधारण ११ ते १४ पीएसआय, दाखवून तिथेच टिकलं की झालं. नेमका आकडा बॉयलरच्या पुस्तकात असतो, तो पाळा. ड्रेन बंद, व्हॉल्व्ह उघडा, सर्किट परत १.२ पर्यंत भरा. एक महत्त्वाची गोष्ट, काही बॉयलरमध्ये व्हेसल आतल्या सीलबंद कव्हरच्या मागे असतं, ते कव्हर ज्वलनाच्या भागाचं झाकण असतं, ते उघडायचं काम गॅसचं लायसन्स असलेल्या माणसाचंच. तिथे यूट्यूब बघून हात घालू नका.

हवा भरूनही काटा तसाच वर चढत असेल तर व्हेसलला जोडणारी बारीक नळी गाळाने बंद झालेली असू शकते, व्हेसल चांगलं असून पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी चांगलं व्हेसल बदललं जातं, चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझ्याकडे हवा भरल्यावर गरम असतानाचा काटा मस्त १.९ वर थांबायला लागला, मी खूश. बारा दिवसांनी परत ०.६! पिशवी परत बांधली तर त्यात पाणी. झालं असं होतं की आधीच्या काळात सेफ्टी व्हॉल्व्ह इतक्या वेळा उघडला होता की त्याच्या बैठकीवर (जिथे टेकून तो बंद होतो त्या जागी) कचऱ्याचा कण अडकून तो आता नीट बसतच नव्हता, प्रेशर तीनपर्यंत न जाताही थेंब थेंब सोडत होता. म्हणजे पहिल्या बिघाडाने दुसरा जन्माला घातला आणि पहिला दुरुस्त केल्यावरही दुसरा चालूच. त्याआधी आलेल्या मेकॅनिकने नुसता सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला होता आणि व्हेसलकडे बघितलंही नव्हतं, त्यामुळे नवा व्हॉल्व्ह पण महिन्याभरात खराब. तर लक्षात ठेवा, व्हेसलची हवा गेली असेल आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उघडला असेल तर दोन्ही एकदमच बघायचं.

आता दुसरा प्रकार. गरम असताना काटा सरळ वागतोय, पण गार असो गरम असो, हीटिंग चालू असो नसो, रोज थोडा थोडा उतरतोय. ही खरी गळती. इथे एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली: व्हेसल चांगलं असेल तर काटा १.२ वरून ०.७५ पर्यंत यायला दीड लिटरच्या वर पाणी जावं लागतं, कारण हवा प्रसरण पावून कमी झालेली जागा भरून काढते. एक थेंब मिनिटाला असा हिशोब केला तर दिवसाला साधारण ७० मिली, म्हणजे तीन आठवडे काटा हळूहळू सरकणार आणि मग व्हेसलमधलं पाणी संपलं की एका दिवसात धाडकन शून्याकडे. लोकांना वाटतं काल अचानक काहीतरी फुटलं. काही फुटलेलं नसतं, तीन आठवडे गळतच होतं. उलट व्हेसलमध्ये हवा नसेल तर ग्लासभर पाणी गेलं तरी काटा तळाला जातो. त्यामुळे काटा किती वेगाने पडतोय यावरून गळती मोठी की छोटी हे ठरवू नका.

आणि मिनिटाला एक थेंब म्हणजे दिसायलाही नको, गरम पाइपवर तो खाली पडायच्या आधीच वाळून जातो. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा. तांब्याच्या जॉइंटवर हिरवट किंवा पांढरा थर, रेडिएटरच्या कोपऱ्यात तांबूस ओघळ, व्हॉल्व्हच्या नटभोवती मिठासारखे खडे. शोधायची वेळ म्हणजे हीटिंग बंद होऊन गार झाल्यानंतरची, कारण तापल्यावर धातू फुगतो आणि कित्येक जॉइंट आपोआप घट्ट होतात, गार झाल्यावर झिरपतात. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा, हा उपाय फुकट आहे आणि भारी आहे. माझी तिसरी गळती (हो, तिसरी पण होती) अशीच सापडली, सोफ्यामागच्या रेडिएटरच्या लॉकशील्ड व्हॉल्व्हची (टोपीखाली झाकलेला, रोज न फिरवायचा व्हॉल्व्ह) प्लास्टिकची टोपी काढली तर आत दांड्याभोवती पाणी साचलेलं. टोपी असल्यामुळे बाहेरून बघताना काही दिसायचंच नाही. दांड्याभोवतीचा नट पाव फेरा आवळला आणि थांबलं. पाव फेराच बरं का, जोर लावून पिळलात तर दांडाच अडकून बसेल.

घरातले सगळे टिश्यू कोरडे निघाले तर पुढचा प्रश्न, बॉयलर की पाइप? रात्री सगळं गार झाल्यावर (गार होताना काटा आपोआप उतरतो म्हणून आधी गार होऊ द्यायचं) काट्याचा फोटो घ्या, बॉयलरची वीज बंद करा आणि खालचे दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा. गेज आणि व्हेसल बहुतेक वेळा बॉयलरच्या आतच असतात, म्हणजे आता काटा फक्त बॉयलरचं प्रेशर सांगतोय. सकाळी काटा उतरलेला असेल तर दोष बॉयलरच्या आत. तसाच असेल आणि व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या थोडा जरी खाली आला तर गळती घरातल्या पाइपांत किंवा रेडिएटरमध्ये. व्हॉल्व्ह बंद असताना बॉयलर चालू करायचा नाही हे वेगळं सांगायला नको. जुने व्हॉल्व्ह कधीकधी पूर्ण बंद होत नाहीत, त्यामुळे उत्तर गोंधळाचं आलं तर दुसऱ्या रात्री परत करून बघा.

दोष बॉयलरच्या आत निघाला तर संशयित थोडेच असतात. सेफ्टी व्हॉल्व्ह झाला, ऑटोमॅटिक एअर व्हेंटच्या टोपीभोवती ओघळ दिसतो, पंपाच्या सीलखाली डाग दिसतो. कठीण जातो तो हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये त्याला बारीक चीर गेली की पाणी सरळ कंडेन्सेटच्या (धुरातली वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) नळीतून ड्रेनमध्ये जातं, जमिनीवर एक थेंब नाही. त्या नळीतून बॉयलर चालू असताना पाणी येणं नॉर्मल आहे, ते गॅस जळताना तयार झालेलं असतं. पण बॉयलर काही तास बंद असूनही तिथून टपटप चालू असेल तर एक्स्चेंजरवर संशय घ्या, आणि इथून पुढे आपलं काम संपलं, माणूस बोलवा.

गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्यांसाठी अजून एक लपलेली जागा. टाकीच्या आत हीटिंगच्या पाण्याची कॉइल (गुंडाळलेली नळी) असते. टाकी जर माळ्यावरच्या साध्या टाकीतून भरत असेल तर तिथलं प्रेशर अगदी कमी असतं, दहा मीटर उंचीला कुठे एक बार होतो, आणि कॉइलमध्ये एक-दीड बार. कॉइलला सुईएवढं भोक पडलं की हीटिंगचं पाणी टाकीत जातं आणि नळातून निघून जातं. नळाचं गरम पाणी मातकट किंवा वास येणारं असेल तर इकडे बघा, आणि हे पक्कं होईपर्यंत ते पाणी तोंडात घालू नका, त्यात हीटिंगची केमिकल असू शकतात. मेनच्या, म्हणजे बाहेरच्या पाणीपुरवठ्याच्या, प्रेशरवर चालणाऱ्या टाकीत बहुधा उलटं होतं, तिथलं पाणी हीटिंगमध्ये शिरतं आणि काटा पडायच्या ऐवजी चढतो. काटा विनाकारण चढत असेल तर आधी फिलिंग लूपचा नळ नीट बंद होतोय का ते बघा, बऱ्याचदा तोच झिरपत असतो. आणि वाईट म्हणजे असा झिरपणारा नळ एखादी खरी गळती महिनोन्महिने झाकून ठेवतो, एकीकडून जातंय दुसरीकडून येतंय, काटा मधेच खूश. म्हणून फिलिंग लूपची ती विणलेली नळी भरून झाल्यावर काढूनच ठेवावी.

फरशीखाली पाइप असतील तर अनवाणी चालून बघा, एखादी जागा विनाकारण ऊबदार लागते का. नाही तर थर्मल कॅमेरावाला बोलवायचा, फोडाफोड सगळ्यात शेवटी.

तिसरा प्रकार खरं तर गळती नाहीच. एकाच रेडिएटरची हवा दर पंधरा दिवसांनी काढावी लागते आणि दर वेळी काढल्यावर काटा उतरतो. ती हवा नसते बऱ्याचदा, आतून लोखंड गंजताना तयार झालेला हायड्रोजन असतो. हा पेट घेणारा वायू आहे, त्यामुळे काडी पेटवून बघू नका, असे महाभाग असतात. रेडिएटरमधून काळं शाईसारखं पाणी येत असेल तर गंज चालू आहे हे पक्कं.

आणि इथेच ते रोजचं 'थोडं पाणी भरून टाकू' अंगाशी येतं. बंद सर्किटमधलं जुनं पाणी ऑक्सिजन संपलेलं असतं, म्हणून ते लोखंडाला फारसं खात नाही. प्रत्येक वेळी ताजं पाणी घातलं की सोबत ताजा ऑक्सिजन आणि क्षार जातात, गंजाला नवा शिधा मिळतो, आणि आतलं इनहिबिटर (गंज रोखणारं केमिकल) पातळ होत जातं. तो काळा गाळ मग सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीत, व्हेसलच्या नळीत, एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतो.

गळती बुजवायचं लिक्विड ओतायचा मोह मलाही झाला होता. फरशीखालची अगदी बारीक गळती असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर ठीक आहे, पण व्हेसलची हवा गेली असेल किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसत नसेल तर त्याने काहीही होणार नाही, आणि कारण न शोधता ओतलंत तर पुढच्या मेकॅनिकला निदान करणं अवघड होतं. ओतलंच असेल तर त्याला सांगा तरी.

माणूस बोलवताना 'प्रेशर जातंय' एवढंच सांगू नका, तो येऊन १.२ करून जाईल. फोटो दाखवा: गार असताना इतकं, गरम असताना इतकं, रात्रभर व्हॉल्व्ह बंद ठेवून इतकं, पिशवीत पाणी आलं की नाही. माझ्याकडे शेवटी आलेल्या बाईंनी ते चार फोटो बघून दहा मिनिटांत सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, व्हेसलची हवा परत मोजली आणि बाहेर जाताना विचारलं, इनहिबिटर शेवटचं कधी घातलं होतं? दोन हिवाळे पाणी ओतल्यावर ते कुठलं उरायला. ते घातलं, आणि त्यानंतर पहिले चार दिवस काटा थोडा उतरला तेव्हा माझा हात नळाकडे गेलाच होता, पण ती नुसती हवा होती, पाचव्या दिवशी १.१ वर थांबला आणि अजून तिथेच आहे.